दहाची उपासना

१२ जाने., सोमवार
आजही पप्पा तयार. काळा कोट, गळ्याशी पांढरी कॉलर, बुटांना पॉलिश. सासरे चर्चचे रिटायर्ड पाळक, त्यामुळे कपाटात कोटांना तोटा नाही. दाराशी उभे राहून विचारलं, "घंटा झाली का बाई?" मी त्यांची सून. गेलं वर्षभर मी "बाई" आहे. पहिल्या बाकावर बसणारी कोणीतरी.
पप्पांना रोज रविवार असतो. उपासना दहाला. माझी ऑफिसची मीटिंगही दहाला, घरून, फोनवर. समोर कोणी बसलं नाही की चिडतात, चहा ढकलून देतात. म्हणून मी सोफ्यावर बसते, डोकं झाकून, एका कानात इअरफोन. आज सरांनी एका कन्साइनमेंटचं विचारलं म्हणून म्यूट काढला आणि नेमकं त्याच क्षणी पप्पांनी दोन्ही हात वर करून आशीर्वचन दिलं. सगळ्या टीमने ऐकलं. कोणीतरी "आमेन" म्हणालं. मग सगळे हसले.
सर नाही हसले.

१५ जाने., गुरुवार
वि.चा मस्कतहून फोन. माझा नवरा आणि पप्पांचा एकुलता मुलगा. पप्पांना व्हिडिओवर दाखवलं. त्यांनी त्याला विचारलं, "आपण कुठल्या मंडळीचे, कुठल्या चर्चचे?" वि.ने कॅमेरा बंद केला. नेटवर्क गेलं म्हणाला. गेलं नव्हतं.
मंदाताई दुपारी येते, सुकापूरहून. पप्पांचं जेवण, औषधं तीच बघते. सकाळची येशील का विचारलं. "सकालचं नाय जमणार ताई, दोन घरं हायेत माझी." बरोबर आहे तिचं.
लेकीची, महिमाची बारावी. दार लावून बसते. मी दिवसभरात तिच्याशी काय बोलले ते आठवून पाहिलं. "दूध पी." एवढंच.

१८ जाने., रविवार
खरा रविवार. मी साडी नेसून तयार. पप्पा लुंगीवर, पेपर उलटा धरून. "चर्चला नाही जायचं?" तर म्हणाले, "आज सोमवार. पाळकाची सुट्टी असते बाई, एक दिवस तरी राहू द्या." हसू आवरेना. मग रडू.
गेलेच नाही. क्वायरमध्ये आल्टोच्या, म्हणजे माझ्या सुराला आज कोणीच नव्हतं, असा मेसेज आला. खाली जोडलेले हात.
संध्याकाळी आमच्या पास्टरांचा फोन. तरुण आहेत, चांगले आहेत. महिला मंडळाच्या मेळाव्यात मी बोलायचं. विषय "ख्रिस्ती स्त्री आणि वेळेचं नियोजन". म्हणाले, "तुम्ही इतकं सगळं सांभाळता, करुणाताई, तुमच्याइतकं योग्य कोण?" नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो बाहेर पडलं. नेहमीसारखं.

२१ जाने., बुधवार
मेल आला. फेब्रुवारीपासून सगळ्यांनी ऑफिसला यायचं, रोज. घरून काम बंद.
सरांना फोन केला. घरची परिस्थिती सांगितली. "मॅडम, मला माहितीये. मीच तुमच्यासाठी वर्षभर वर भांडलो." खरंय. भांडलेत. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं.
ऑफिस पळस्प्याला. घरून, करंजाड्याहून लांब नाही, पण मध्येच धावत घरी येण्याइतकं जवळही नाही. नोकरी सोडायची तर कर्ज, म.चं कॉलेज. वि.चं काँट्रॅक्ट या वर्षी रिन्यू होईल की नाही त्यालाच माहीत नाही.
सकाळी गुडघ्यावर बसले. "प्रभू, मला वेळ दे." एवढंच म्हटलं. कुकरची शिट्टी झाली, उठले.

२७ जाने., मंगळवार
लिहून काढते.
एका दिवसासाठी ऑफिसला बोलावलं होतं. मंदाताईच्या पाया पडून सकाळी बोलावलं, ती आली. ती कपडे वाळत घालत होती तेवढ्यात पप्पा गेले. कोट-बिट घालून. तिचा फोन: "ताई, बाबा नाय घरात! मी खाली जाऊन बगितलं, वॉचमनला पन नाय दिसले!" ती रडत होती. मी मीटिंगमधून तशीच उठले. रिक्षात डोक्यात फक्त हायवे. ते ट्रेलर. पप्पांना रस्ता ओलांडताना उजवी-डावी बघायचं आठवत नाही.
स्टेशन, मार्केट, आमचं चर्च (कुलूप), पुन्हा स्टेशन. मग अनोळखी नंबर. "काळ्या कोटातले काका तुमचेच का? त्यांच्या खिशात हा नंबर होता. अहो घाबरू नका, इथे हॉलवर आहेत. माझ्या मुलीचं लग्न आहे."
धावत गेले. सनई वाजत होती. पप्पा स्टेजसमोर पहिल्या रांगेत, गळ्यात फेटेवाल्या पाहुण्यांसारखा हार, हातात जिलबीची वाटी. मुलीचे वडील म्हणाले, "आम्हांला वाटलं मुलाकडचे कोणीतरी मोठे आहेत. मुलाकडच्यांना वाटलं आमच्याकडचे. स्टेजवर जाऊन दोघांच्या डोक्यावर हात ठेवून इतकं छान बोलले हो! नवरी रडायला लागली." मला जेवून जा म्हणाले. मी ऑफिसच्या कार्डासह, घामाने भिजलेली, त्या हॉलमध्ये उभी.
पप्पा मला बघून म्हणाले, "उशीर केलात. लग्न लावून झालं."
रिक्षात त्यांचा हात घट्ट धरून बसले होते. त्यांनी सोडवून घेतला. परक्या बाईने हात धरलेला त्यांना आवडत नाही.

३० जाने., शुक्रवार
पास्टर आणि कमिटीतले दोघं घरी आले. पळस्प्याच्या पुढे, गोवा रोडला आत, सिस्टर लोकांचं, नन्सचं, एक घर आहे, अशा वृद्धांसाठी. तिथे विचारतेय असं मी सांगितलं. मग कमिटीतले काका: "पाळकसाहेबांना? ज्यांनी आमची लग्नं लावली, आमच्या मुलांचे बाप्तिस्मे केले, त्यांना आश्रमात?"
म्हटलं, "मग सकाळी कोणी येऊन बसेल का? फक्त बसायचं. उपासना ऐकायची."
प्रार्थना करू म्हणाले. केलीही, तिथेच, लांबलचक. पास्टर जाताना दाराशी थांबले. हळू म्हणाले, "मी बुधवारी येऊ शकेन. फक्त बुधवारी." त्यांच्याही डोळ्यांखाली काळं आहे. बायको बाळंत झालीय, माहेरी आहे. त्यांना काय बोलणार.

१ फेब्रु., रविवार
मेळावा. पप्पांजवळ म. बसली, प्रिलिमचे पेपर घेऊन.
मी बोलले. आधी देव, मग कुटुंब, मग काम. फळ्यावर लिहिलं पण. बायका वहीत उतरवून घेत होत्या. मला वाटत होतं, कोणीतरी उठून म्हणावं, खाली बस.
शेवटी प्रश्न. मागून रिबेकाआजी उठल्या, ऐंशीच्या पुढच्या. "करुणा, आणि चर्चचं काम कशात धरायचं गं? देवात की कामात?" सगळ्या हसल्या. मीही हसले. चहा आला.
घरी येताना तोच प्रश्न. पप्पा कशात? रोज माझ्यासमोर उभे राहून वचन सांगतात म्हणजे देवात. सासरे म्हणून कुटुंबात. आणि आंघोळ, डायपर, औषधं... मी त्यांच्याकडे काम म्हणूनच बघते हल्ली. उरकायचं काम.

४ फेब्रु., बुधवार
रजा टाकत चाललेय. सर "बघा लवकर" म्हणतात.
वि.ला फोन. "तू ठरव, करुणा. मी इथून काय सांगू? तू करतेयस सगळं, तूच ठरव." म्हटलं, "वडील तुझे आहेत, विनय. एकदा तरी तू म्हण. ठेवूया किंवा नको. काहीही म्हण." मग म्हणाला, "ड्यूटी आहे."
त्यानंतर म. माझ्या खोलीत आली. भिंतीमागून ऐकलं होतं तिने. "आई, परीक्षा झाली की मी एक वर्ष गॅप घेते. आजोबांजवळ मी बसेन. मला त्यांचं प्रीचिंग आवडतं." सहज म्हणाली, चार्जर शोधत असल्यासारखी.
नाही. हे नाही. 
उद्या सिस्टरना हो कळवते.

९ फेब्रु., सोमवार
सोडून आले.
पप्पांची बॅग भरताना बघत होते. विचारलं, "बदली झाली का?" पाळकांच्या बदल्या व्हायच्या, त्यांची जन्मभर झाली. मी म्हटलं, "हो पप्पा. नवीन मंडळी." एकदम उत्साहात आले. स्वतः मोजे काढून आणले. "पाळकगृह आहे ना तिथे? पाणी?" आहे म्हटलं. सगळं आहे.
म. खाली आली नाही. गॅलरीतून हात हलवला.
ती जागा चांगली आहे, खोटं कशाला बोलू. स्वच्छ, आंब्याची झाडं, मोहर आलाय. सिस्टर मलबारी, मराठी छान बोलतात. म्हणाल्या, "पहिले काही आठवडे येऊ नका. सवय लागू द्या."
निघताना पप्पांनी माझ्याशी हात मिळवला. "या मंडळीत तुम्ही फार सेवा केलीत, बाई. देव तुमचं भलं करो. तुमचं नाव काय म्हणालात?"
करुणा, म्हटलं.
"छान नाव आहे."

११ फेब्रु., बुधवार
ऑफिस. दहाची मीटिंग, समोरासमोर. सर्वांत आधी पोचले मी. कोणी विचारलं नाही, कोणी हसलं नाही. घरी आले, म.ला गरम जेवण दिलं, तिच्याबरोबर जेवले. क्वायरची प्रॅक्टिससुद्धा जमेल आता.
वेळ मागितला होता, मिळाला. प्रभूचे आभार मानावेत तर शब्द येत नाहीत. डोळे मिटले की बाकी सगळं येतं, भाजी, बस, पासवर्ड. तो नाही येत.
पास्टरांचा मेसेज: "आज बुधवार. मी येऊन गेलो, दाराला कुलूप होतं." त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

१५ फेब्रु., रविवार
चर्चला गेले. आल्टो गायले. बाहेर प्रत्येकाने विचारलं, "पाळकसाहेब कसे आहेत?" प्रत्येकाला "छान आहेत" म्हटलं. मला माहीत नव्हतं. एक काकू म्हणाल्या, "तू सुटलीस गं." चांगल्या मनाने म्हणाल्या.

१९ फेब्रु., गुरुवार
सिस्टरचा फोन ऑफिसात. पप्पा खात नाहीत. चमचा तोंडाशी नेला की मान फिरवतात. रोज सकाळी कोट घालून हॉलमध्ये उभे राहतात, समोर बाकीचे म्हातारे बसलेले असतात, पण बोलत नाहीत. सिस्टरने विचारलं, सुरू करा ना फादर. तर म्हणाले, "पहिल्या बाकावरची बाई आली नाही. तिच्याशिवाय कशी सुरू करू?"
बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

२१ फेब्रु., शनिवार
गेले. सिस्टरनी नको म्हटलं होतं, तरी.
किती उतरलेत. कॉलर मानेभोवती फिरतेय. मला बघून ओळख नाही, पण मान हलवली, आलात का, तशी. मी पुढच्या खुर्चीवर बसले, डोकं झाकलं. सुरू केलं त्यांनी. वाक्यं तुटत होती, एकात दुसरं मिसळत होतं, पण आवाज तोच. आज इअरफोन नव्हता. खरं तर पहिल्यांदाच ऐकलं मी, पूर्ण. मेंढपाळ, मग त्यांच्या गावची विहीर, मग कोणी विनय नावाचा लहान मुलगा ज्याला ताप आला होता. आमेन. मग माझ्या हातून पेज खाल्ली, वाटीभर.
सिस्टर मला गेटपर्यंत सोडायला आल्या. कडक बोलल्या, पण हात खांद्यावर. "तुम्ही आलात की खातात. पण करुणा, रोज याल का? रोज येणार असाल तर या. नाहीतर अजिबात येऊ नका. अधूनमधून आलात तर ते रोज वाट बघतील. ते जास्त वाईट."
घरी नेऊ का, विचारलं. "घरी कोण आहे?" म्हणाल्या.

२२ फेब्रु., रविवार
वि.ला सगळं सांगितलं. ताप आला होता ते वाक्यही. तो रडला, मोठ्याने. मग म्हणाला, "मी येतो." कधी ते नाही म्हणाला. काँट्रॅक्टचं या महिन्यात कळेल.
सरांना मेसेज टाकला. सकाळी उशिरा आले आणि संध्याकाळी उशिरापर्यंत थांबले तर? रोज? निळ्या टिक्स आल्या. उत्तर नाही. रविवार आहे, त्यांनाही घर आहे.
उपासनेत पास्टर बोलत होते, काय ते आठवत नाही.

२३ फेब्रु., सोमवार
म. पेपरला गेली. दारातून परत वळून म्हणाली, "आई, मी गॅपचं अजून म्हणतेच आहे हं." उत्तर ऐकायला थांबली नाही.
सरांचं उत्तर आलं. "वर विचारतो. आज मात्र वेळेत या, क्लायंट येतोय."
डबा भरला, पर्स घेतली. तेवढ्यात सिस्टरचा फोन. "ते तयार होऊन बसलेत. नाश्ता झाकून ठेवलाय. येताय का? येणार नसाल तर मी त्यांना सांगते, आज उपासना नाही. पण तुम्ही एकदा स्पष्ट सांगा मला."
म्हटलं, "पाच मिनिटांत सांगते, सिस्टर."
चपला घालून टेबलाशी बसून हे लिहितेय. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली असतील. फोन पुन्हा वाजतोय. कोणाचा ते पाहिलं नाही अजून.