तीस दिवसांच्या आत

४ नोव्हेंबर
डिस्चार्ज. यंदाचा दुसरा. दवाखान्यात नवीन मोहीम निघाली आहे: दम्याचा पेशंट घरी गेला की तीस दिवसांच्या आत परत भरती व्हायला नको. सगळ्या स्टाफला ट्रेनिंग दिलंय. ऋतुजा सिस्टरने (हिमायतनगरची, बोलायला फटकळ) माझ्याकडून नमुन्याचा पंप तीनदा करून घेतला. हलवा, श्वास सोडा, ओठ घट्ट, दाबता दाबता हळू ओढा, दहा अंक थांबा. सकाळी दोन दाब, संध्याकाळी दोन. एक पंप एकशेवीस दाबांचा, म्हणजे बरोबर तीस दिवस.

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं हेडक्लार्क होतो. नियम पाळायला मला शिकवावं लागत नाही. संकल्प: वर्षभर दवाखान्याला तोंड दाखवायचं नाही.

मिहिर रात्रीच्या गाडीने पुण्याला गेला. तीन दिवस होता पोरगा.

५ नोव्हेंबर
सकाळी दोन दाब. संध्याकाळी दोन. पद्धत उत्कृष्ट.

६ नोव्हेंबर
सकाळी दोन. संध्याकाळी बजरंगचा फोन (आमच्याच ऑफिसचा, माझ्याआधी रिटायर). म्हणाला, पंपाची सवय लागते. सवय लावून घेणं माझ्या स्वभावात नाही. पंप कपाटात ठेवला, हाताशी असावा म्हणून.

७ नोव्हेंबर
सिस्टरचा फोन. तिसऱ्या दिवशी करायचा असं ट्रेनिंगमध्ये शिकवलंय म्हणे. पंप घेताय ना, विचारलं. घेतो म्हणालो. घेण्याचा इरादा पक्का आहे, त्यामुळे हे खोटं होत नाही. चार मिनिटं बोलली. पुढचा फोन दहाव्या दिवशी.

१० नोव्हेंबर
कोणी आलं नाही. भरती होतो तेव्हा चौदा जण येऊन गेले, सफरचंदं ठेवायला जागा नव्हती. आपल्याकडे माणूस दवाखान्यात असला की बघायला जावंच लागतं. घरात धडधाकट बसलेल्याला कोण बघायला येणार? तक्रार नाही, रीतच आहे.

मिहिरला फोन केला. मीटिंगमध्ये होता.

१४ नोव्हेंबर
सिस्टरचा फोन आला. दीड मिनिट. तिला अजून अकरा पेशंटांना लावायचे होते.

१५ नोव्हेंबर
जिना चढताना दम लागला. पंप घेता आला असता, पण एवढ्या दमात पद्धत चुकली तर? तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घेतलेला बरा. सुदैवाने बॅग कालच भरून ठेवली होती.

१६ नोव्हेंबर
भरती. बेड नंबर सात. सिस्टर म्हणाली, बाराव्याच दिवशी आलात, मोहिमेचं खातं तुमच्यापासूनच बिघडलं. पंप कुठंय विचारलं. घाईत घरी राहिला, सांगितलं. मिहिर पुण्याहून निघालाय.

१८ नोव्हेंबर
ऐतिहासिक दिवस. शेजारच्या बेडवर देगलूरचा चंद्रप्पा आहे, तो अत्तर मारल्यासारखा पंप तोंडापुढे हवेत मारतो. त्याला दोन दिवसांत तयार केला. मोठ्या डॉक्टरांनी ते पाहिलं आणि माझ्या बेडभोवती अख्खं ट्रेनिंग भरवलं. दवाखान्याचा नमुन्याचा पंप घेऊन बावीस नर्सांसमोर मी प्रात्यक्षिक दिलं. टाळ्या पडल्या. ही मोहीम माझ्याशिवाय चालणं कठीण आहे.

एका नव्या पोरीने विचारलं, काकांना इतकं अचूक येतं तर काका परत कसे आले? केस गुंतागुंतीची आहे, असं मीच डॉक्टरांच्या वतीने सांगितलं.

भेटायला सहा जण. मिहिर एकच दिवस थांबला.

२१ नोव्हेंबर
डिस्चार्ज. चंद्रप्पा माझ्या आधी गेला. बायको, दोन भाऊ, जावई, सगळे न्यायला आले होते. जीप भरली होती. मी ऑटोने आलो. ऑटो जास्त सोयीचा.

४ डिसेंबर
भरती. यावेळी बॅग सावकाश भरली, पंपही आठवणीने घेतला.

भेटायला कोणी नाही. बजरंगने व्हॉट्सअॅपवर हलणारं गुलाबाचं फूल पाठवलं. मिहिरने व्हिडिओ कॉल केला. "बाबा, रजा उरली नाही आता. महिन्या-महिन्याला कसं येणार?" बरोबर आहे त्याचं. नातीला, इराला, खोकून दाखवलं. ती कार्टून बघत होती.

वाईट वाटलं. कोणाला सांगण्यासारखं नाही म्हणून इथे लिहिलं.

५ डिसेंबर
पंपाच्या पाठीवर उरलेल्या दाबांचा आकडा असतो. हे मला माहीत नव्हतं. सिस्टरला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय. तिने माझा पंप उलटा केला. एकशे चौदा.

रागावेल वाटलं होतं. स्टूल ओढून बसली.

"काका, पंप तुमाला आमच्यापेक्षा चांगला येतो. मंग कामून येऊन राहिले?"

आकडा बिघडला असेल, मी म्हणालो. ती उठली नाही. पलीकडे कोणीतरी तिला हाक मारत होतं तरी बसून राहिली. मी भिंतीकडे बघत होतो. आकडा बिघडला नसावा.

६ डिसेंबर
डिस्चार्ज. मोहिमेचा नवीन फॉर्म आलाय, परत भरती का झाली त्याचं कारण लिहायचं. पंपाची पद्धत चुकली, औषध परवडत नाही, घरात चुलीचा धूर, इतर. सिस्टरने 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं: घरी कोणी नाही.

नोंद साफ चुकीची आहे. कस्तुराबाई रोज भांड्यांना येते. मंगळवार सोडून. दुरुस्ती करतो म्हणून पेन मागितला. सिस्टरने दिला. बराच वेळ पेन हातात धरून बसलो.

मग खाली सही केली.