होणाऱ्या जावयाचे हिरवे किडे

बोरीवली, रविवार

ती. दादास नंदकिशोरचा नमस्कार. वहिनींचा गुडघा आणि तुझा खोकला, दोघंही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. फोनच केला असता, पण आमच्या दोन खोल्यांत फोन म्हणजे जाहीर सभा, आणि क्षमाच्या कानावर हे जायला नको.

आपल्या अक्षताने लग्न ठरवलंय. मुलगा अनिरुद्ध, मुलुंडचा, आपल्यातलाच (इथेच मला पहिला संशय आला, असं आपोआप जुळत नसतं). काम काय करतो विचारलं, तर म्हणाला, किड्यांमध्ये जेलीफिशचं प्रोटीन आणून त्यांना हिरवं चमकवतो. मी साकीनाक्याला तीस वर्षं प्रेस मशीनवर काढली. आपण पगार कशाचा घेतो हे ज्याला एका वाक्यात सांगता येत नाही, त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. याने एका वाक्यात सांगितलं, तरी बसला नाही. जेलीफिश कुठून आणता म्हटलं, तर म्हणे ती लागतच नाही. प्रोटीनची नुसती कृती किड्यात घालायची, मग किडा ते स्वतःच बनवतो. (म्हणजे बाजार न करता कालवण. क्षमा म्हणाली, अहो, शिकून घ्या.)

म्हणून मंगळवारी बँकेत जातो सांगून थेट त्याच्या प्रयोगशाळेत धडकलो. गेटवरच्या वहीत कामाच्या रकान्यात 'मुलीचा बाप' असं लिहिलं. मला बघून त्याला आश्चर्यही वाटलं नाही (संशय दुसरा). अंधाऱ्या खोलीत नेऊन त्याने जांभळा दिवा लावला, तर किडे राहिले बाजूला, माझा पांढरा शर्टच पेटल्यासारखा चमकायला लागला. आदल्या रविवारी मुलुंडला त्यांचं घर बघायला गेलो तेव्हा त्याच्या आईने चहा पाजला होता, त्यातून काय दिलं ते मी सरळ विचारलं. कपड्यांच्या पावडरीत सफेदीसाठी काहीतरी घालतात, ते चमकतं म्हणाला. मी कॉलर हुंगून बघितली.

मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. स्वल्पविरामाएवढा किडा, काचेसारखा आरपार, आणि डोक्यात मोजके हिरवे ठिपके. त्या मज्जापेशी. चमकतात म्हणून जिवंत किड्यात दिसतात, मरू लागल्या की एकेक ठिपका विझतो. का मरतात तेच तो शोधतो. माणसातल्या अशा पेशी मेल्या तर, असं मी विचारलं. तो खुर्ची ओढून शेजारी बसला.

"काका, हा हात कधीपासून थरथरतोय?"

मी म्हटलं, एसी जोरात आहे.

"एसी बंद आहे, काका."

हात खिशात घातला, तर खिसा हलायला लागला. मी डॉक्टर नाही, हात कशानेही थरथरतो, पण दाखवून घ्या, एवढंच तो म्हणाला आणि रिक्षापर्यंत सोडायला आला. अक्षताला सांगू नकोस अशी मी त्याला गळ घातली. आज पाच दिवस झाले, त्याने सांगितलेलं नाही. होणाऱ्या बायकोपासून इतकं लपवू शकतो, तो उद्या काय काय लपवेल?

तुझा,
नंदकिशोर

ता. क. मुलाबद्दल तुझं मत कळव. माझं अजून पक्कं नाही.

दुसरा ता. क. गुरुवारी डॉक्टरची वेळ आहे. तू बुधवारी येशील का रे? क्षमाला कारण काहीही सांग. एकट्याने जायला मला भीती वाटते.

तिसरा ता. क. अक्षर माझं नाही हे तू ओळखलं असशीलच. इतका वेळ पेन धरवेना, म्हणून बागेतल्या बाकावर बसून अनिरुद्धकडून लिहून घेतलं. कंसातलंसुद्धा त्याने जसंच्या तसं उतरवलंय. मी दोनदा वाचून तपासलं.