पॉइंट टू-टू विरुद्ध हापूस

३ मे, शनिवार
ऋजुता या शनिवारीही घरी आली नाही. वाखनिंगनला युनिव्हर्सिटीत लॅब आहे म्हणे. सेकंड इयरला शनिवारी कसली लॅब? पण मी विचारलं नाही. मी तसा बाप नाही. (बायको मीनलच्या मते मी तसाच बाप आहे.)

पण आज आयडिया सुचली. पोरगी फूड सायन्सला. फळ किती दाबल्यावर फुटतं, ते मोजायला त्यांच्याकडे मशीन आहे. मशीन कशाला, गोळी घाला की! मित्र पुष्करचा इथला, ब्रेडा गावातला शूटिंग क्लब एरवी कागदावरच नेम धरू देतो, पण वर्धापनदिनाला फळं मांडतात. यंदा २४ तारखेला. पाहुणे चालतात.

प्लॅन: चार कॅलिबर (म्हणजे चार जाडीच्या गोळ्या), चार फळं. नेम माझा, नोंदी तिच्या. बाप-लेक प्रोजेक्ट. मग येईल दर शनिवारी घरी. नेमाची चिंता नाही, जत्रेत फुगे फोडलेत.

६ मे
पुष्करला प्लॅन सांगितला. आधी विषय बदलला. मग म्हणाला, संज्या, राहू दे ना. जळतो. कॉलेजपासून जळतो.

थिअरी तयार. पॉइंट टू-टू: सफरचंदाला नुसतं भोक. नाइन एमएम: अननसाच्या मागच्या बाजूने चिंध्या. थ्री-ओ-एट रायफल: कलिंगड शिल्लकच राहत नाही, कारण आत पाणी. हे सगळं मी लॉजिकने काढलं. (व्हिडिओ नंतर बघितले.) थ्री-फिफ्टी-सेव्हन हापूससाठी राखीव. ते कुणीच केलेलं नाही.

११ मे, रविवार
युट्रेख्टहून हापूसची पेटी आणली. संकल्प: प्रयोग होईपर्यंत हात लावायचा नाही.

संध्याकाळी एक खाल्ला. किती पिकलाय ते कळायला नको?

माझा मुंजीतला स्टीलचा डबा सापडत नाहीये. आत्याने नाव घालून दिलेला, 'चि. संजीव'. मीनल म्हणाली, असेल कुठेतरी. माझ्या वस्तूंना या घरात किंमत नाही.

१७ मे, शनिवार
पेटी अर्धी! मी तीनच खाल्लेत. (चौथा डागाळलेला होता, तो धरत नाही.) मीनल म्हणते, उकाड्याने गेले. नेदरलँड्समध्ये उकाडा!

ऋजुताला लॅब. पुष्करही बिझी. सगळ्यांना कामं शनिवारीच.

२३ मे
ऋजुता उद्या येणार, थेट क्लबवर! फोनवर फार बोलली नाही. भारावली असणार. नेम कसा धरावा यावर तिच्यासाठी चौदा स्लाइड्स केल्या. शेवटचा हापूस मोज्यांच्या कप्प्यात लपवलाय.

२४ मे
विश्वासघात.

क्लबच्या दारातल्या बाईंनी ऋजुताला मिठी मारली. मला वाटलं, डच लोक सुधारले. मग ऋजुताने बॅगेतून कानावर लावायचे मफ काढले. स्वतःचे. नाव लिहिलेले. आणि कॅन्टीनच्या टेबलावर माझा मुंजीतला डबा! आत हापूसच्या फोडी. गोरी मंडळी काट्याने खात होती.

पोरगी जानेवारीपासून मेंबर आहे. दर शनिवारी वाखनिंगनहून इथे यायची, आमच्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर. नेलं पुष्करने. खाऊ पाठवला मीनलने. माझे आंबे, माझ्या डब्यात.

विचारलं, मला का नाही सांगितलंस? आधी डचमध्ये काहीतरी पुटपुटली. मग मराठीत बोलली, म्हणजे मनापासून.

"बाबा, तू आला असतास. आणि मग तूच शिकवत बसला असतास."

स्लाइड्स बॅगेतच राहू दिल्या.  

मग प्रयोग. पाहुण्याच्या शेजारी मेंबर लागतो, म्हणून ऋजुता उभी राहिली. पॉइंट टू-टू: सफरचंद जागेवर. नाइन एमएम: अननस जागेवर. थ्री-ओ-एट: माझा खांदा निखळायचा बाकी, कलिंगड जागेवर. निष्कर्ष: कॅलिबर कोणतंही असो, फळांवर काहीही परिणाम होत नाही.

ऋजुताने पॉइंट टू-टू घेतली. सफरचंदाला बरोबर मधोमध भोक. माझी थिअरी खरी ठरली, टाळ्या मात्र तिला. मग हापूसची पाळी आली. ती मांडलेल्या फळांपाशी जाऊन आंबा उचलून घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, याच्यावर नको.

घरी येऊन खाल्ला. आंबट निघाला.

३० मे, शुक्रवार
कुणाशीही बोलत नाहीये. आठवडाभर कलिंगड खातोय, संपतच नाही. त्या क्लबची पायरी जन्मात चढणार नाही, हे सोमवारीच ठरवलं.

मीनलने उद्यासाठी थालीपिठं लावली. पुष्कर गावाला गेलाय, कोण नेऊन देणार, असं भिंतीकडे बघून म्हणाली. दुपारी ऋजुताचा मेसेज आला: येणार असशील तर ये, पण मागच्या बाकावर बसायचं.

उद्या जाणार. फक्त डबा परत आणायला, त्या दिवशी तिथेच राहिला. मुंजीतला आहे, असा सोडता येत नाही. एक शब्दही बोलायचा नाही, हा संकल्प.

स्लाइड्स चौदाच्या चार केल्यात.