भिंतीला टेकून झोपणारा पैलवान

आबा, तुम्ही भिंतीला टेकून का झोपायचात, ते मला आत्ता कुठं सांगलीत कळलं. "पैलवानाची पाठ जमिनीला लागत न्हाई," असं तुम्ही मिशीत हसत सांगायचात आणि आम्हाला ते खरं वाटायचं. आमचे वस्ताद झोपेतसुद्धा चीत होत नाहीत, असं तालमीतली पोरं गावभर सांगायची. मीही शाळेत तिखटमीठ लावून सांगायचे. आई तेवढी कुरकुरायची, "आवं, घडीभर आडवं व्हा की." तुम्ही ऐकायचा नाहीत. मग तीच वाकळ गुंडाळून तुमच्या पाठीशी लावायची.

त्याआधीचा तो दिवस मात्र आम्ही याच्याशी कधी जोडून बघितला नाही. कुंडलच्या मैदानात तुम्हाला कुस्ती लावायला बोलावलंय. मी मामाच्या खांद्यावर. तुम्ही वाकता, तांबडी माती कपाळाला लावता, दोघा पैलवानांचे हात एकमेकांच्या हातात देता, वर बघता, आणि कुणी बोटही न लावता उताणे पडता. फेटा एकीकडे, तुम्ही एकीकडे. मागून कुणीतरी ओरडतं, "वस्ताद टाकून आल्यात रं!" उभ्या जन्मात दारूला न शिवलेल्या माणसावर सगळं मैदान हसलं. त्यानंतर तुम्ही मैदानाचं तोंड बघितलं नाही. पुढं तालीमही दुसऱ्याच्या हाती गेली. कुणी विचारलं तर म्हणायचात, "गुडघं गेलं."

गेल्या महिन्यात मी फळीवरचा डबा काढायला मान वर केली आणि घर गरकन फिरलं. ओट्याशी पडले, मनगटावर निभावलं. त्यानंतर उशीला डोकं टेकलं की छप्पर गरागरा फिरायचं. आई आता माझ्याकडेच असते. तिनं काही न विचारता वाकळ गुंडाळून माझ्या पाठीशी लावली. "तुझ्या आबास्नी असंच हुयाचं," एवढंच म्हणाली. म्हणजे तिला माहीत होतं! तुम्ही गेलात तेव्हा अंगणात तुम्हाला आडवं ठेवल्यावर तिनं तुमच्या मानेखाली उशी सरकवली होती. बायका म्हणाल्या, "आता कशाला गं?" तर म्हणाली, "त्यास्नी सपाट सोसत न्हाई." दुःखानं काहीतरी बोलतेय, असं आम्हाला वाटलं.

सांगलीची कानाची डॉक्टरीण म्हणाली, कानाच्या आत तोल सांभाळणारी जागा असते, तिथले बारीक कण जागचे हलले की माणूस असा पडतो. डोक्याला मार बसूनही हलतात. मला तुमचे ते कुस्तीत मोडलेले कान आठवले. तिनं मला टेबलावर झटक्यात उताणं केलं, मान एका अंगाला वळवून धरली, मग दुसऱ्या अंगाला, मग कुशीवर घेतलं आणि उठवून बसवलं. मी ओरडत होते, पण पोरांची लचकलेली मान धरताना तुमची असायची तशीच तिची पकड पक्की. चहाला उकळी यावी तेवढ्या वेळात झालं सगळं. गोळी नाही, सुई नाही. तुमचं नेमकं हेच होतं का, ते आता कोण तपासणार? पण घरी येऊन सपाट झोपले, छप्पर जागचं हललं नाही, आणि तुमचा भयंकर राग आला. एकदा तरी बोलायचंत, आबा. मग वाटलं, बोलणार कुणाशी? घेरी म्हटलं असतं तरी लोकांनी बाटलीच काढली असती.

हे सगळं लिहून आईला वाचून दाखवायचं ठरवलं होतं. सकाळी वाकळेची घडी घालता घालता तिनंच विचारलं, "काय केलं गं डॉक्टरीणबाईनं?" इतकी वर्षं तुमच्या पाठीशी वाकळ लावणारे तिचे हात बघितले आणि नुसती मान वळवून बरं केलं, हे तिला सांगवेना. म्हणाले, "गोळ्या दिल्यात. आता नव्या निघाल्यात."

"व्हय, तवा कुठं हुत्या असल्या गोळ्या," ती म्हणाली आणि वाकळ कपाटात ठेवून आली.

तेव्हापासून रोज सकाळी मी तिच्यासमोर ताकदीची एक गोळी पाण्याबरोबर गिळते.