म्हातारीची कात

इनामगाव
६ मार्च १९७७

प्रिय ज्ञानदेवा,

आईचं जाड पाकीट आलं म्हणून उभ्यानेच फोडू नकोस. माझी तब्येत बरी आहे, घराचं काही पडलेलं नाही. बसून वाच. जे सांगायचंय ते ओट्यावर तुझ्याशेजारी बसून मला सांगता येत नाही. तीन वर्षं तू येतोस, ओट्यावर टेकतोस, चहा पितोस आणि उंबरा न ओलांडताच शिरूरची गाडी धरतोस. मी आत ये म्हणत नाही. तूही आत डोकावत नाहीस.

यंदाही पांढरीच्या टेकाडावर जुन्या वस्तीचं खोदकाम चालू आहे. सकाळी बाया पाट्या घेऊन जातात. दगडोबा मुकादम परवा वाटेत थांबला आणि म्हणाला, "वहिनी, कोंडिबावानी हात पुन्यांदा न्हाई घावला. खापराला कुदळी लागायच्या आदीच त्याला कळायचं." मी हसले आणि घरी येऊन तुझ्या आबांची कुदळी पुसून ठेवली. तुला ठाऊक आहे, मी वाचायला शिकले ते तुझ्या आबांनी आणलेल्या फाटक्या चिठ्ठ्यांवरून. खापरांच्या पिशव्यांना त्या बांधलेल्या असायच्या. घर. चूल. राख. हाड. माझी बाराखडी तीच. पुढे पुड्यांचे कागद वाचले, विहारातली पुस्तकं वाचली, पण अजून कुठे 'घर' हा शब्द आला की मला खाली मातीच दिसते.

तू दौंडला रेल्वेत लागलास त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. आबांना एका जुन्या घराच्या जमिनीखाली दोन मडकी सापडली, तोंडाला तोंड लावून पुरलेली. आत तान्ह्या लेकराची हाडं. त्या काळची माणसं गेलेलं मूल घरातच, पायाखाली ठेवायची, असं खोदकामावरचे साहेब सांगत. त्या मडक्यांना लागून एक बीळ होतं आणि बिळात ती बसली होती. कातीण म्हणजे कोळीच, पण वाटीएवढा, अंगभर तपकिरी केस. लोक मारायला धावले. आबांनी तिच्यावर टोपली घातली आणि संध्याकाळी लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीत घालून घरी आणली. म्हणाले, "सोजरा, हिनं लेकराची राखन केली. आता हिला ऱ्हायला जागा न्हाई." त्या दिवशी ते जेवले नाहीत. तुझ्या आधी तान्हेपणीच गेलेली आपली पोर आठवली असावी.

त्यांनी तिचं नाव म्हातारी ठेवलं. बरणीत चार बोटं माती, बाटलीच्या बुचात पाणी, आठवड्याला एखादा नाकतोडा. तू सुट्टीला यायचास तेव्हा बरणीकडे पाठ करून जेवायचास आणि आबा तुला चिडवायचे, "इंजिनाला भीत न्हाईस आन् हिला भितोस व्हय रं?" एक गोष्ट मात्र त्यांनी तुला कधी सांगितली नाही. दिवाळीला गंमत दाखवू म्हणायचे आणि राहून जायचं. ती गोष्ट मी आज सांगते.

पहिल्या वर्षी म्हातारीनं खाणं सोडलं आणि एके सकाळी पाय वर करून उताणी पडली. आबांनी परसात खड्डा खणला. उचलायला गेले तर बरणीत दोन म्हाताऱ्या! एक पोकळ, पण पाय, केस, नांग्या सगळं जिथल्या तिथं. दुसरी शेजारी, ओली, फिकट, दमलेली. तिनं कात टाकली होती. आबा लहान पोरासारखे हसले. मग दर वर्षी तसंच व्हायचं. कात टाकली की अंग कोवळं असतं म्हणून ते तिला वाटीनं अलगद उचलून कणगीमागच्या मडक्यात ठेवायचे. बाळंतिणीला अंधार लागतो, म्हणायचे.

आबा गेले ते छातीत कळ येऊन. तू आल्यावर शिरूरच्या डॉक्टरांनी तुलाही तसं सांगितलं होतं. तरी शेजारची धुरपदा दारोदार सांगत सुटली, कातीण अंगावरून फिरली, कोंडिबाचं रक्त नासलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू सगळ्यांबरोबर पंचशील म्हटलंस आणि दुपारी, माणसं पांगली नाहीत तोच, कोनाड्यातली बरणी अंगणात नेऊन उपडी केलीस. आबांची कुदळी तुझ्या हातात होती. मी दारात उभी होते. तू डोळे मिटून घाव घातलास. वाळलं पान चुरगळावं तसा आवाज झाला. तू पाहिलं नाहीस, मी पाहिलं. तिथं रक्त नव्हतं, ओल नव्हती. म्हातारीनं आदल्या दिवशीच कात टाकली होती आणि मी तिला कणगीमागे ठेवलं होतं.

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. गिळले. लोकांना ती मेलेली हवी होती, मेली असं वाटलं की ती सुरक्षित राहील, असं मी मनाला सांगितलं. ते निम्मंच खरं. पहिली कळ आल्यावर आबांनी तुला दोनदा निरोप धाडला होता आणि तू आलास तो तिसऱ्या दिवशी, ते गेल्यावर. मला वाटलं, दुखू दे याला थोडं. थोडं म्हणता म्हणता तीन वर्षं झाली. ती अजून आहे, ज्ञानदेवा. दिवेलागणीला बरणीच्या काचेवर तिचे पाय खरखरतात आणि मला वाटतं, आबा खापरावरची माती ब्रशानं झाडतायत. मी "चहा टाकू का?" म्हणते. त्या जुन्या माणसांसारखं मीही गेलेलं माणूस घरात ठेवलं, आणि त्यासाठी जितं दाराबाहेर बसवलं.

परवा सूनबाईचं, ललिताचं पत्र आलं. तुमच्या पोरीच्या नामकरणाला विहारात सगळे पंचशील म्हणत होते आणि तू दुसऱ्या शीलापासून तोंड उघडलंस. तिनं लिहिलंय, "आत्या, हे पहिलं शील, जीव न मारण्याचं, म्हणतच नाहीत. विचारलं तर म्हणतात, माझ्याकडून ते मोडलंय. कधी आणि कसं?" ललिताला मी उत्तर दिलेलं नाही. तुला देते. म्हातारीनं आठ दिवसांपासून खाणं सोडलंय, चार दिवसांत उताणी होईल. पोरीला घेऊन ये, आत ये, आपल्या डोळ्यांनी बघ. आणि पहिलं शील मोठ्यानं म्हण, बाळा. तुझ्या हातून ते कधीच मोडलं नाही. मोडलं ते माझं चौथं, खोटं न बोलण्याचं, तीन वर्षं, रोज.

तुझीच,
आई