चार वाजून दहा मिनिटांचं वजन

६ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मामीचा गुडघा आता बरा असेल. माझं उत्तम चाललंय, हे आईला लिहायचं असतं. तुम्हाला खरं लिहिते. विमा कचेरीत मला तीन वर्षं झाली आणि साहेबबाई आता कायम करू म्हणताहेत. एकतीस मार्चच्या आत होकार हवाय. भौतिकशास्त्रातल्या संशोधनासाठी विद्यापीठात अर्ज करायची शेवटची तारीखही नेमकी तीच. दोन्ही कागद टेबलाच्या एकाच खणात पडून आहेत. आमचे जुने सर शिफारसपत्र द्यायला एका पायावर तयार आहेत. माझ्याइतक्या स्वच्छ नोंदी त्यांनी पाहिल्या नाहीत म्हणे. ते ऐकल्यापासून तर अर्जाला हात लावावासा वाटत नाही. का, ते विचारू नका. भरू की नको, एवढंच सांगा.

लोभ आहे तेवढा राहू द्या. कमी झाला तर तुमच्याच काट्यावर कळेल.
तुमची भाची,
मुंगी

१३ जानेवारी

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

तुझी मामी म्हणाली, पत्र एवढंसं आहे म्हणजे पोरीच्या पोटात काहीतरी मोठं आहे. मी सातवीत शाळा सोडून तराजू दुरुस्त करायला बसलेला माणूस. विद्यापीठाचं मला विचारणं म्हणजे न्हाव्याला दात दाखवणं. तेव्हा आधी तूच माझी एक अडचण सोडव.

भंगारवाल्याकडून काचेच्या पेटीतला जुना तराजू आणला, प्रयोगशाळेत असतो तसा. दांडी सरळ केली, ती ज्या सुरीवर तोलते तिला धार लावली. पारडी रिकामी असली की काटा शहाण्या मुलासारखा मधोमध. पण दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी डावं पारडं खाली जातं. पेटी बंद, पारड्यात काही नाही. अकरा मिनिटं तसंच राहतं, मग सावकाश वर येतं. उजवीकडे बारीक वजनं टाकून मोजलं: तीन पूर्णांक एक मिलिग्रॅम. रोज तेवढंच. कुणीतरी यावं, काहीतरी ठेवावं आणि आठवण झाल्यावर उचलून न्यावं, तसं.

पुस्तकं तू वाचलीस. सांग बघू.

माया आहेच, ती मोजत बसू नकोस.
मामा

१९ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

हसूच आलं. तुम्ही ज्या बाजूला बसता तिथली हवा तुमच्या अंगाच्या उबेने तापते, तेवढ्यानेही असा तराजू हलतो. नाहीतर भिंतीवर चारचं ऊन येत असेल, किंवा शेजारच्या कारखान्यातली मोटार सुरू होत असेल. पारडी बदलून बघा, पेटी फिरवून बघा, खोली बदला.

आणि आता खरं सांगा, मला अर्जाकडे ओढायला हे आमिष रचलंत ना? लहानपणी बंद घड्याळ हातात देऊन तुम्ही मला तीन दिवस गप्प बसवलं होतंत, ते मी विसरले नाहीये.

रागावू नका, आणि रागावलात तर तसं कळवा.
मुंगी

२८ जानेवारी

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

आमिषच लावायचं असतं तर मी चारची वेळ धरली नसती. ती माझ्या झोपेची वेळ आहे.

पारडी बदलली. पेटी पाठमोरी केली. तराजू मागच्या बिनखिडकीच्या कोठीत नेला, वरून रजई टाकली. सुटीच्या दिवशी कारखाना बंद असताना पाहिलं. स्वतः बाहेर उभा राहून दाराच्या फटीतून पाहिलं. घड्याळ मुद्दाम वीस मिनिटं पुढे केलं. पारड्याने घड्याळ पाहिलं नाही. प्रत्येक वेळी दांडीची तीच बाजू खाली, तेवढीच.

मामी तीन दिवस माझी थट्टा करत होती. चौथ्या दिवशी शिवण घेऊन समोर येऊन बसली. पारडं खाली गेलं तशी हळूच म्हणाली की, अहो, हे पडत नाहीये, कुणीतरी हलक्या हाताने ठेवतंय. तेव्हापासून चार वाजत आले की ती शिवण घेऊन बाहेरच्या पायरीवर जाते. मला मात्र आत बस म्हणते.

एक गंमत सांगायची राहिली. पेटीच्या उजव्या काचेला खालच्या कोपऱ्यात चीर आहे. ती वाढू नये म्हणून कुणीतरी तिच्या टोकावर निळ्या नेलपॉलिशचा थेंब लावलाय. कोण का असेना, हुशार!

उत्तराची वाट पाहतो, तुझीही.
मामा

३ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

ते नेलपॉलिश माझं आहे.

काच माझ्याच कोपराने तडकली होती. शेवटच्या वर्षी मी त्या तराजूवर सुकणाऱ्या स्फटिकाचं वजन करत होते, दर तासाला, ठोक्यानंतर दहा मिनिटांनी. पाच दिवस चार-दहाच्या नोंदीला वजन वाढलेलं आलं. सुकणारी वस्तू जड होत नाही, मामा. माझाच हात चळला असं धरून मी ते पाचही आकडे रेघेत बसतील असे करून लिहिले. सरांना आवडलेला स्वच्छपणा तो हाच.

मूळ कागद फाडायचा धीर झाला नाही. घडी घालून ठेवलाय. जास्तीचं वजन: दोन, दोन, दोन पूर्णांक एक, दोन, दोन पूर्णांक एक. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, म्हणजे तुम्ही रचणं शक्यच नाही. तीन वर्षं मला वाटत होतं की ती चूक माझी. तुमच्याकडे तर मी नव्हते, मग कोण होतं?

आणि त्या आकड्यांवर मिळणारी शिफारस अर्जाला कशी जोडू?

हे वाचूनही लोभ उरला तर कळवा.
मुंगी

९ फेब्रुवारी

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

मामीला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरीला आधी पोटभर जेव म्हणावं.

मला राग आला. तो लिहूनच टाकतो, म्हणजे संपेल. आमच्या धंद्यात चुकलेला काटा माफ असतो, काट्यावर ठेवलेलं बोट नाही. तू बोट ठेवलंस. पण कागद ठेवलास, म्हणून तुझ्याशी बोलता येतंय.

आता ऐक. चौकटीच्या कागदावर तुझे पाच ठिपके मांडले आणि पुढे माझे सत्तावीस. मधली तीन वर्षं कोरी. पट्टी ठेवली तर एकच रेघ सगळ्यांना शिवत जाते. परवापासून तीन पूर्णांक दोन येतंय. मुंगी, ते वाढतंय.

अर्ज भरावा की नाही हे मी अजूनही सांगत नाही. भरलास तर त्या कागदाशिवाय भरू नकोस. सरांकडे जा. दार लावून घेतलं त्यांनी, तर आमचं उघडंच आहे.

लोभ उरलाय, पुष्कळ.
मामा

२५ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

जाऊन आले. सरांनी मूळ नोंदी आणि मी बदललेल्या नोंदी असे दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. गप्प राहिली असतीस तर तुझी निवड नक्की होती, म्हणाले. मी म्हटलं, म्हणूनच आले. मग खिडकीकडे बघत त्यांनी सांगितलं की तो तराजू बिघडला म्हणून भंगारात काढलेला नाही. प्रयोगशाळेचा शिपाई चारनंतर त्या खोलीत पाऊल टाकेना, म्हणून काढला. आणि मला वाटायचं मी एकटीच घाबरट!

शिफारसपत्र त्यांनी नव्याने लिहिलं. ‘स्वच्छ’ हा शब्द गेला. चूक केली आणि विचारायच्या आत येऊन सांगितली, असं लिहिलंय. मी दोन्ही कागद जोडले आणि विषयाच्या रकान्यात चार-दहाचं तेच वजन लिहिलं. अर्ज टाकला. साहेबबाईंना नाही म्हणून सांगितलं. विद्यापीठ मला दारात उभं करेल असं वाटत नाही, पण खण रिकामा झाला.

आता तुमच्या आशीर्वादाचंच काय ते पारडं जड असू द्या.
मुंगी

४ मार्च

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा डोळे पुसले आणि कांदा चिरत होते म्हणाली. हातात शिवण होती.

यंदा नाही घेतलं तर पुढच्या वर्षी पुन्हा टाक. तोवर नोंदी मी ठेवतो. काल पारडं पहिल्यांदाच बारा मिनिटं खाली राहिलं. जे काही आहे ते आता लगेच उचललं जात नाही. रेघ कागदाच्या कडेला पोचली, म्हणून उजवीकडे दुसरा कोरा कागद खळीने चिकटवलाय. त्यावरचे पुढचे ठिपके तुझ्या हातचे असावेत, एवढीच इच्छा. येशील तेव्हा भीती वाटली तर खुशाल वाटू दे, फक्त काट्याला बोट लावू नकोस.

मामी आत्ताच पायरीवर गेली. म्हणजे वेळ झालीच. पेन खाली ठेवतो, दोन्ही हात मांडीवर घेतो. काटा अजून मधोमध आहे.

तुझा,
मामा