मामाजींचं अळणी सूप

११ एप्रिल २०१६
मीठ बंद! अकोल्याच्या डॉक्टरांनी मामाजींच्या पायावर बोट दाबलं, तो खळगा भरेचना. बीपी वर, हृदयावर ताण. मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाले, मीठ सुटलं नाही तर पुढच्या वेळी थेट भरती करू, मग माझ्या हातात काही नाही. सासऱ्यांचं सुनेला सांगितलं म्हणजे झालं! बसमध्ये मामाजी म्हणतात, "मीठ सोडा अन् मंग जगा कायले?"

१३ एप्रिल
अळणी वरण — ताट सरकवलं. अळणी वांगं — ताट सरकवलं. वर आत्याबाई मलाच, "मानसाले उपाशी मारून राहिली का वं?" सासू ना त्या, त्यांना डॉक्टर दिसत नाही, मी दिसते.

१५ एप्रिल
आजही नुसतं ताक. गालफडं बसलीत. भीती वाटते.

१७ एप्रिल
मनोजचा फोन. भाऊ माझा, घर बडनेऱ्याला, नोकरी परदेशी जहाजाच्या भटारखान्यात. त्याच्यापाशी रडले. म्हणाला, "ताई, आमच्यात एक जमैकाचा मानूस आहे, जटावाला. रास्ताफारी म्हनतात त्यायच्या पंथाले. मांस नाही, दूध नाही, मीठ बी नाही! अन् त्याचं सूप लोकं वाटी चाटून खातात."

सांग म्हटलं, कसं करतो. कोहळं, रताळं, सुरण, गाजर, कणीस. आलं, लवंग, मिरे. त्यांच्याकडच्या कसल्याशा पाल्याऐवजी ओव्याची पानं. कणकेच्या लांबट गोळ्या — म्हणजे आपल्या चकोल्याच की! शेवटी नारळाचं दूध. आणि एक अख्खी मिरची वर तरंगत ठेवायची, फुटू द्यायची नाही. वास हवा, तिखट नको.

नुसती तरंगणारी मिरची! वऱ्हाडात!

१८ एप्रिल
कोहळं मामाजींनीच टिचकी मारून निवडलं. जन्मभर आठवडी बाजारात भाजीचं दुकान लावलंय त्यांनी. सगळं छान शिजत होतं. नारळ पिळायला वळले, तेवढ्यात आत्याबाईंना मिरची दिसली. "अवो, हे तं फोडाचीच रायली!" — आणि पळीनं ठेचली! घरभर ठसका. एक घोटही कुणाच्या घशाखाली उतरला नाही. चिडले, नको ते बोलले. मामाजी पुन्हा उपाशी.

१९ एप्रिल
आत्याबाईंना आज चुलीपाशी फिरकू दिलं नाही.

मामाजींनी एक घोट घेतला. मग दुसरा. माझा जीव टांगणीला! "याच्यात मीठ नाही?" नाही मामाजी, शप्पथ! "मंग एवढं चवदार कसं लागून राहिलं?" दोन वाट्या संपवल्या. मी आत जाऊन पदरात तोंड खुपसून रडले.

२५ एप्रिल
रोज सूपच मागतात. आत्याबाई त्या जटावाल्याला उदबत्ती लावायच्या तेवढ्या बाकी आहेत.

३० एप्रिल
सूज उतरत नाही. उलट घोट्यावरून वर चढलीय. असं कसं? मामाजी झोपले असताना सदऱ्याचे खिसे चाचपले. लोणच्याची बरणी माडीवर ठेवली. मिठाचा डबा कुलपात! तरी कुठून जातंय? आत्याबाईंना तोंडावर विचारलं. त्या रडायला लागल्या. "देवाची आन, म्या नाही देल्लं वं." विश्वास नाही बसला माझा.

२ मे
आडवं पडलं की दम लागतो त्यांना. उशा रचून बसवलंय. उद्या मनोज सुट्टीवर येतोय, त्याच्याबरोबर परवा अकोल्याला नेऊ. डॉक्टर काय म्हणतील? मीच बेपर्वा ठरणार.

३ मे
मनोजला हौसेनं सूप वाढलं. एक घोट घेऊन वाटी खाली ठेवली. "ताई, याच्यात मीठ हाय."

भांडले त्याच्याशी. शप्पथ घेतली. तो उठला, माठातलं पाणी तोंडात घेतलं, अंगणात थुंकला. "हे पानी खारट हाय! तुमाले कळत नाही?"

नाही कळत. आमचं गाव खारपाणात, जमिनीखालचं पाणीच खारं. फाल्गुनात नळ बंद पडला तेव्हापासून बोरचंच पितो, जीभ मेलीय आमची. आणि मी रोज तेच पाणी पातेलंभर घेऊन आटवून आटवून त्यांना पाजलं.

बाहेरून मामाजी हाक मारताहेत — "रागिणी, सूप झालं का वं?"